सागवानी मोटारीचा पंचनामा

जगात लाकूड दोनच प्रकारचं असतं, असं हिवरखेडचा धर्मपाल पेंटर छातीठोकपणे सांगायचा. एक झाडाचं आणि एक त्याच्या हातचं. झाडाच्या लाकडाला वाळवी लागते, त्याच्या लाकडाला लागत नाही, एवढाच काय तो फरक!

आता बोलायला काय जातं, असं तुम्ही म्हणाल. पण गावातल्या एका पत्र्याच्या दाराला त्यानं नुसत्या रंगानं असा साग चढवला होता, की एक सुतारपक्षी दोन दिवस त्याच्यावर चोच आपटत राहिला आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून उडून गेला. निदान धर्मपाल तरी असं सांगायचा, आणि पक्ष्याला विचारायला कोण जातंय!

शाळेच्या रजिस्टरात त्याचं नाव नुसतं धर्मा होतं. छप्पन्न साली त्याचे वडील पुंजाजी नागपूरहून दीक्षा घेऊन आले, ते थेट मास्तरांच्या घरी गेले आणि त्यांनी धर्माला पुढे ‘पाल’ जोडून घेतलं. “अन् याले चित्राच्या दोनी परीक्षेले बसवा,” असंही बजावून आले. पुंजाजींनी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी केलेली. पोरानं सरकारी खुर्चीवर बसावं, एवढी एकच त्यांची इच्छा होती. पोरगा दोन्ही परीक्षा पास झाला आणि बैलबंड्यांची चाकं रंगवू लागला! पोळ्याच्या आधी महिनाभर श्वास घ्यायला फुरसत नसायची. पोळा झाला की अकरा महिने घरी बसून बायकोचं, मैनेचं, बोलणं ऐकायचं.

अशात चौसष्ट साली एक जाहिरात आली. अमरावतीच्या एका सरकारी कचेरीचं फिरतं शेतकी प्रदर्शन निघणार होतं आणि त्यासाठी हुबेहूब नमुने बनवून रंगवणारा माणूस पाहिजे होता. नोकरी कायमची! आपल्या कामाचा एक नमुना घेऊन मुलाखतीला हजर राहावे. वयाची अट पंचवीस. मुलाखतीच्या दिवशी धर्मपालला पंचवीस पुरी व्हायला बरोबर अठरा दिवस उरत होते. ही नोकरी हुकली, की सरकारी खुर्ची जन्मात दिसणार नव्हती.

“काय नमुना नेता?” मैनेनं विचारलं.

“असा नेतो का साहेबाची बोलती बंद!”

“म्हंजे काय नेता?”

ते मात्र त्यालाही अजून ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात तो अकोल्याला खुशालरावांच्या कापसाच्या जिनिंगची पाटी रंगवायला गेला. खुशालरावांचा मुलगा डॉक्टरकीचं पुढचं शिकायला अमेरिकेत होता आणि त्यानं बापाला एक खोकं पाठवलं होतं. खोक्यावर एका जुनाट मोटारीचं चित्र होतं. पुढून मोटार, मागून लाकडी फळ्यांचा हौदा, आणि त्या फळ्या उन्हापावसानं पार फाटलेल्या. खोक्याच्या आत काय, तर प्लास्टिकचे दुधासारखे पांढरे शंभर-सव्वाशे तुकडे!

“पाह्य, धर्मपाल!” खुशालराव कपाळावर हात मारून म्हणाले. “आमी याले शिकाले धाडलं, अन् हा बापाले मोडकी मोटार धाडून राहिला! ते बी सुट्टी! घेऊन जाय बापा. तुह्या पोराइले खेयाले होईन.”

धर्मपालला पोरंबाळं नव्हती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. त्याची नजर त्या चित्रातल्या फळ्यांवर खिळली होती. पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकवर म्हातारं लाकूड! नमुना सापडला होता.

मोटार वीतभर लांबीची. जोडायला दोन दिवस लागले आणि रंगवायला चाळीस!

पहिले आठ दिवस तर रंग प्लास्टिकवर थांबेचना. अळवाच्या पानावरचं पाणी घरंगळावं तसा घरंगळायचा. थिनरनं पुसायला गेला तर मोटारीचं टपच सुरकुतलं. “राहू दे, मोटार जुनीच हाय,” असं त्यानं स्वतःला समजावलं. शेवटी मैना भांडी घासत होती ते बघून त्याच्या डोक्यात उजेड पडला. चुलीतली राख घेऊन त्यानं मोटार घासून काढली, प्लास्टिकची चमक गेली आणि रंग चिकटून बसला. मग त्यानं झकास तपकिरी रंग दिला आणि मैनेपुढे ठेवली.

“गुयाची भेली काहून करून आनली?” मैना म्हणाली.

“लाकूड हाय ते!”

“मंग मुंग्याइपासून जपा.”

धर्मपाल रुसून घराबाहेर पडला आणि मागच्या अंगणाच्या भिंतीवर जाऊन बसला. ते अंगण सुंदराबाईचं. सुंदराबाई शेतकऱ्याघरची म्हातारी होती, आणि तिच्या सासऱ्याची रेंगी, दोन माणसांना बसायची हलकी बैलगाडी, तीस वर्षं त्या अंगणात उघड्यावर पडून होती. धर्मपालनं ती हजारदा पाहिली असेल. त्या दिवशी मात्र तो भिंतीवरून खाली सरकला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. अरेच्चा! हिच्यात तपकिरी रंग आहेच कुठे?

उन्हाच्या बाजूनं फळी राखेसारखी पांढुरकी झाली होती. पावसाच्या बाजूनं काळवंडली होती. बैलाचा कासरा जिथं घासायचा तिथं पिवळसर आणि गुळगुळीत झाली होती. डाव्या फळीत डोळ्याएवढी एक गाठ होती आणि लाकडाच्या सगळ्या रेघा तिला वळसा घालून पुढे जात होत्या. धर्मपाल वेड्यासारखा बघत राहिला. पुढचे कितीतरी दिवस तो रोज दुपारी तिथं जाऊन बसायचा. सुंदराबाईला वाटे, पोराला घरात बायको बसू देत नसेल. ती बिचारी त्याला पाणी आणून द्यायची.

मग त्यानं सगळं नव्यानं सुरू केलं. खाली राखाडी हात, वर चुन्याची निवळी, भेगांत चिमणीची काजळी. ओल्या रंगातून रेघा ओढायला मैनेची लाकडी फणी घेतली, तिचे एक आड एक दात मोडले, आणि फणी गेली ती गेलीच! आठ दिवस मैनेनं नुसत्या बोटांनी केस विंचरले आणि तोंडानं नवऱ्याला. शेवटी डाव्या फळीवर ती गाठ आली, अगदी रेंगीवरची जशीच्या तशी. वर जवसाच्या तेलाचा पुसट हात फिरवला आणि चाकांपाशी बंडीचं खरं वंगण चोपडलं.

चाळिसाव्या दिवशी त्यानं मोटार मैनेच्या हातात दिली. तिनं फळीवर बोट फिरवायला नेलं आणि झटकन मागं घेतलं.

“माय वं! लाकडाची फास भरन ना बोटात!”

हे ऐकून धर्मपालच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर मैनेच्याही आलं. तिनं ती मोटार दिव्यापाशी नेऊन चारही बाजूंनी पाहिली आणि एवढंच म्हणाली, “फनी गेली तं गेली.”

मुलाखतीच्या दिवशी पहाटेची एस.टी. पकडून तो निघाला. मैनेनं खोक्यात कापूस अंथरून दिला होता, पण मोटार खोक्यात घातली तर लोकांना दिसणार कशी? त्यानं खोकं ठेवलं पायाशी आणि मोटार घेतली मांडीवर. पुढच्या बाकावर सुंदराबाई होती. ती लेकीकडे निघाली होती आणि खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

अकोटच्या अलीकडे पिंपळझिऱ्याला जंगलखात्याचा नाका होता. तिथले नाकेदार देवमन हे सागाच्या बाबतीत मोठं प्रस्थ. बत्तीस वर्षं मेळघाटात काढलेली. लाकडाचा वास घेऊन झाड कोणत्या टेकडीवरचं ते सांगायचे. त्यात गेल्याच आठवड्यात वरून कागद आला होता, की सागवानी लाकडाची कोणतीही वस्तू, मग ती लहान असो वा मोठी, पासाशिवाय नेऊ देऊ नये. देवमन तो कागद रोज सकाळी एकदा मोठ्यानं वाचत. ते एस.टी.त चढले आणि धर्मपालच्या मांडीकडे बघून जागीच थांबले.

“हे काय होय?”

“मोटार होय.”

“ते दिसून राहिलं मले. लाकूड कोनतं हाय?”

इथं धर्मपालनं ‘प्लास्टिक’ एवढा एक शब्द उच्चारला असता, तर एस.टी. वेळेवर सुटली असती. पण बत्तीस वर्षं जंगलात काढलेला माणूस आपल्या रंगाला विचारतोय, लाकूड कोणतं! असा मान सोडवतो होय कुणाला? धर्मपालच्या पोटात गुदगुल्या झाल्या.

“तुमीच सांगा ना साहेब,” तो म्हणाला.

देवमननी मोटार तळहातावर घेतली. उजेडाकडे धरली. नाकाशी नेली. “साग,” ते म्हणाले.

“अन्?”

“मेयघाटचा साग. जुना. ऐंशी वर्षं तं झालेच असतीन.”

“अन् पाऊस, साहेब? पाऊस कोन्या बाजून लागला?”

“ह्या डाव्या. अन् ऊन त्या बाजून. हे पाह्य ना, चक्क दिसून राहिलं.”

धर्मपालला वाटलं, उठून या माणसाच्या गळ्यात पडावं. चाळीस दिवसांत त्यानं जे जे केलं होतं, ते ते हा माणूस पुस्तक वाचावं तसं वाचत होता!

“पास?” देवमननी विचारलं.

“हो साहेब! एलिमेंट्री बी, इंटरमिजिएट बी! दोनी पास!”

“परीक्षेचा नाही बे! लाकडाचा पास!”

धर्मपाल खदाखदा हसला. “त्याले कायचा पास लागते साहेब? हे लाकूड नाहीच. प्लास्टिक हाय!”

देवमनच्या कपाळाची शीर फुगली.

“मले सांगतं तू? मले? पलास्टिक म्हंजे बालटी! लाल नाहीतं हिरवी! बत्तीस वर्षं का मी गवत कापून राहिलो काय?”

“साहेब, वजन पाहा ना. कसं हलकं हाय!”

“ऐंशी वर्षं वायलं म्हंजे हलकं होईन नाही तं काय!”

“वाजवून पाहा! पोकळ वाजते!”

देवमननी टिचकी मारली. “आतून उधईनं खाल्लं,” ते शांतपणे म्हणाले.

आपल्या लाकडाला वाळवी लागत नाही, ही धर्मपालची जन्माची फुशारकी त्या एका टिचकीत गेली! तो बोलायला तोंड उघडतो, तेवढ्यात या आरडाओरड्यानं सुंदराबाई जागी झाली. तिनं मागं वळून पाहिलं. मोटारीकडे पाहिलं. मग डोळे बारीक करून आणखी जवळून पाहिलं.

“हे गाठ तं आमच्या रेंगीची होय!”

“आजी, तुमी निजा,” धर्मपाल घाईघाईनं म्हणाला.

“काहून निजू? नवी नवरी होऊन आली तईपासून ह्या गाठीवर हात ठेवून बसली मी रेंगीत! सासरे हाकलत, अन् मी अशी हात ठेवून बसे. धर्मा, तू माह्या रेंगीची फयी तोडली काय रे?”

“आजी, रेंगी तुह्या अंगनातच हाय!”

“काल होती. आज मी अंधारात निंगाली, पाह्यली नाही ना!”

झालं! आतापर्यंत नुसतं विनापास लाकूड होतं, आता चोरीचं झालं! सगळी एस.टी. धर्मपालकडे वळून बघू लागली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. “भिंतीवर बसून रोज पाह्ये ना हा!” सुंदराबाई सगळ्यांना सांगू लागली. “मी पानी देत जाव याले! अन् हा फयी मोजून राहिल्ता!”

देवमनच्या हाताखालचा श्रावण हा एकटाच तिथं डोकं ठिकाणावर असलेला माणूस होता. “साहेब,” तो म्हणाला, “चाकून जरासं खरवडून पाह्यू. आत पांढरं निंगालं तं पलास्टिक. गोठ खतम.”

गोष्ट खरंच एवढीच होती. एक ओरखडा, आणि धर्मपाल सुटला असता. पण दुपारी तीन वाजता अमरावतीला साहेबांपुढे मोटार ठेवायची, आणि तिच्या अंगावर पांढराफटक ओरखडा? चाळीस दिवसांचं लाकूड एका क्षणात बादलीचं प्लास्टिक होणार! आणि वय अठरा दिवसांनी संपणार! त्यानं मोटार देवमनच्या हातातून ओढून छातीशी धरली.

“खबरदार, हात लावसान तं!”

“मंग साग लिहू?” देवमननी वही उघडली.

धर्मपालनं एकदा मोटारीकडे पाहिलं, एकदा ड्रायव्हरच्या मनगटावरच्या घड्याळाकडे. “लिहा! साग लिहा! ऐंशी वर्षं लिहा! कोठी सही करू सांगा, अन् जाऊ द्या मले!”

देवमन सगळ्यांना घेऊन नाक्यावर उतरले आणि त्यांनी घोटीव अक्षरात पंचनामा लिहिला. ‘सागवानी लाकडाची मोटार, नग एक, लांबी एक वीत, अंदाजे ऐंशी वर्षे जुनी, आतून वाळवीने पोखरलेली, विनापास नेताना मिळून आली. पंच क्रमांक दोन सुंदराबाई यांनी सदरहू लाकूड आपल्या सासऱ्यांच्या रेंगीचे असल्याचे गाठीवरून ओळखले.’ पंच क्रमांक एक म्हणून ड्रायव्हरनं सही ठोकली. सुंदराबाईनं अंगठा उठवला. धर्मपालनं पंचनाम्याच्या खाली आपली सही केली आणि मोटार उचलून निघाला.

“थांब,” देवमन म्हणाले. “श्रावण, हातोडा आन.”

“कायचा हातोडा?”

“जप्त लाकडाले नंबराचा छाप माराव लागते. नियमच हाय.”

मंडळी, खात्याचा तो हातोडा साधा नसतो. त्याच्या तोंडावर आकडे कोरलेले असतात, आणि सागाच्या ओंडक्यावर तो असा हाणावा लागतो की आकडे लाकडात रुतून बसले पाहिजेत!

“साहेब, नोको! प्लास्टिक हाय! आईची आन, प्लास्टिक हाय!”

“आताच तं साग म्हून सही केली तू!”

श्रावणनं धर्मपालला धरलं. देवमननी मोटार नाक्यापुढच्या दगडावर ठेवली आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं हातोडा हाणला.

कडाड!

तुकडे चहूकडे उडाले. एक सुंदराबाईच्या ओटीत पडला, चाक घरंगळत एस.टी.च्या खाली गेलं. देवमननी खाली वाकून एक तुकडा उचलला. वरून ऐंशी वर्षांचा साग, आणि तुटल्या कडेला दुधासारखं पांढरं. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मग नाकाशी नेला.

“अजून बी सागच वाटून राहिला मले,” ते हळूच म्हणाले आणि दगडावर बसले.

धर्मपाल मातीत गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. मोटार गेली होती, नोकरी गेली होती, बापाची खुर्ची गेली होती. पण त्यानं मान वर करून देवमनकडे पाहिलं, आणि त्याला त्या माणसाचीच कीव आली. बत्तीस वर्षांचं नाक एका तुकड्यात गेलं होतं.

“साहेब,” तो म्हणाला, “पाऊस तुमी बरोबर ओयखला होता. डावीकडूनच होता.”

देवमननी त्याचा खांदा धरला. मग ते उठले आणि स्वतः तुकडे वेचू लागले. श्रावण एस.टी.च्या खाली शिरून चाक घेऊन आला. सुंदराबाईच्या ओटीत पडला होता तो नेमका गाठीचा तुकडा. तिनं त्याच्यावरून अंगठा फिरवला.

“माही रेंगी पोरगा एक दिवस चुलीत घालीन रे,” ती म्हणाली. “हे गाठ मले देशीन?” आणि धर्मपालनं मान हलवायच्या आतच तिनं तो तुकडा त्याच्या खोक्यात टाकला. “आज नोको. आंधी नोकरी घेऊन ये.”

“मोटार कोठी हाय, असं साहेबानं इचारलं तं काय सांगू?” धर्मपाल म्हणाला.

पंचनामा फाडता येत नव्हता, कारण वहीच्या पानांवर नंबर होते. खाडाखोडही चालत नव्हती. देवमननी खाली एकच ओळ वाढवली, ‘छाप मारताना मोटार फुटली, सबब तुकडे परत.’ मग त्याची नक्कल केली, शिक्का मारला आणि धर्मपालच्या हातात दिली. “हे दाखव,” ते म्हणाले. “खोटं बोलून राहिला असं तं म्हननार नाही कोनी.”

अमरावतीला तीनच्या ठोक्याला धर्मपाल धापा टाकत पोचला. व्हरांड्यात नऊ उमेदवार बसले होते. कुणापाशी मातीचं कापसाचं बोंड होतं, कुणापाशी प्लास्टरचा बैल, कुणापाशी रंगवलेली ज्वारीची कणसं. धर्मपालच्या खोक्यात तुकडे खुळखुळत होते. साहेबांचं नाव वामनराव. पुण्याकडचे, चष्मा नाकावर, आणि चेहऱ्यावर हसू म्हणाल तर औषधालाही नाही.

“नमुना?” त्यांनी विचारलं.

धर्मपालनं टेबलावर तुकडे मांडले आणि शेजारी पंचनामा ठेवला. वामनरावांनी पंचनामा वाचायला घेतला. पहिल्या ओळीला त्यांच्या भुवया वर गेल्या. वाळवीला मिशी हलली. सुंदराबाईच्या सासऱ्यांपर्यंत आले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग असे हसले, असे हसले, की बाहेरचे नऊ उमेदवार दारातून डोकावून बघू लागले!

हसणं ओसरल्यावर त्यांनी गाठीचा तुकडा उचलला आणि खिडकीपाशी गेले. उजेडात तो फिरवून फिरवून पाहिला.

“या रेघा कशानं काढल्यात?”

“बायकोच्या फनीनं साहेब.”

“आणि ही काळी भेग?”

“चिमनीची काजळी.”

“सकाळपासून नऊ नमुने पाहिले मी,” वामनराव म्हणाले. “बोंड मातीचं आहे, बैल प्लास्टरचा आहे, दारातूनच कळत होतं. हा तुकडा माझ्या हातात आहे, आत प्लास्टिक आहे ते डोळ्यांना दिसतंय, तरी मन म्हणतंय लाकूड! अहो, मी पुष्कळ कारागीर पाहिले. असं काम नाही पाहिलं.” त्यांनी पंचनामा उचलून फायलीला लावला. “आणि असं प्रमाणपत्र तर कुणी आणलंच नव्हतं!”

धर्मपाल हिवरखेडला परत आला तो जमिनीवरून चालत नव्हता. त्यानं गाठीचा तुकडा सुंदराबाईला नेऊन दिला. तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला आणि मग अंगणातली रेंगी शाबूत आहे ना ते पुन्हा एकदा बघून आली.

दोन आठवड्यांनी सरकारी लिफाफा आला. पुंजाजींनी सगळी आळी गोळा केली. धर्मपालनं घसा खाकरून वाचायला सुरुवात केली. “श्री. धर्मपाल पुंजाजी यांची या कार्यालयात कायम स्वरूपात…” आणि तो थांबला.

“काय म्हून घेतलं? वाच ना!” पुंजाजी म्हणाले.

“सुतार म्हून.”

झालं होतं असं, की हुकूम लिहिणाऱ्या कारकुनानं फाईल उघडली, तर आत नमुन्याच्या जागी एकच सरकारी कागद होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘सागवानी लाकडाची मोटार.’ लाकडाची मोटार करतो तो कोण? सुतार! धर्मपाल अमरावतीला धावला. कारकून म्हणाला, “दुरुस्तीला कागद मुंबईला जाईल. तो परत येईपर्यंत तुमची पंचविशी उलटलेली असेल. आहे तो हुकूम घेऊन हजर व्हा. काम रंगाचंच द्यायचं असं साहेबांनी सांगितलंय, पण कागदावर तुम्ही सुतार!” धर्मपाल निमूटपणे हजर झाला आणि तिथल्या तिथं त्याच्या नावावर एक करवत, एक रंधा आणि तीन पटाशा चढल्या.

रविवारी ती हत्यारं घेऊन घरी आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मैनेनं सगळं ऐकून घेतलं.

“तोंड पाडून काहून बसले?” ती म्हणाली. “असं साजरं रंगवलं तुमी, का सरकारले रंग दिसलाच नाही! याच्याहून जास्त कोनं रंगवलं आजलोक?”

हे काही त्याला सुचलं नव्हतं. धर्मपालची छाती हळूहळू पुन्हा फुगू लागली. त्यानं मैनेकडे मोठ्या प्रेमानं पाहिलं.

“अन् सुतार झालेच हा,” ती म्हणाली, “तं बाबाच्या बाजेचा पाय तिडकला, तेवढा आजच्या आज नीट करा.”

धर्मपाल बाजेपाशी जाऊन बसला. वरपासून खालपर्यंत चांगली उभी भेग होती. त्यानं करवत हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि खाली ठेवली. रंधा उचलला, तोही ठेवला. मग थोडा वेळ त्या भेगेकडे टक लावून बघत राहिला आणि उठून कोनाड्यातला रंगाचा डबा घेऊन आला.

“डबा ठेवा खाली!” मैना घरातून ओरडली. “तिच्यावर बाबाले निजायचं हाय!”